दिलेलं कोणाचं? लोकसहभागाची पार्श्वभूमी

लोकसहभाग इंटरनेटमुळे आला, असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात लोक आपला वेळ आणि ज्ञान कितीतरी आधीपासून देत आले आहेत. त्यांनी दिलेल्यावर पुढे हक्क कोणाचा, या प्रश्नाला उत्तर मात्र फार उशिरा मिळालं.

१८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजीचा नवा कोश करायचं मनावर घेतलं. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी पत्रक काढून सगळ्या वाचकांना आवाहन केलं: वाचताना लक्षणीय शब्द आढळला की तो, त्याचं वाक्य, ग्रंथाचं नाव आणि पान चिठ्ठीवर लिहून पाठवा. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. १९२८ मध्ये काम पुरं झालं, तेव्हा मरे हयात नव्हते. वाचकांची नावं प्रस्तावनांत छापली गेली. कोशाची मालकी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडे राहिली. त्या काळी दुसरी तरतूदच नव्हती.

शंभरेक वर्षांनी हाच प्रश्न संगीताच्या सीडींनी उघडा पाडला. बहुतेक सीडींत गाण्यांची नावं नोंदलेली नसत. १९९० च्या दशकात श्रोते ती स्वतः टाइप करून सीडीडीबी नावाच्या सामायिक संग्रहात पाठवत, म्हणजे तीच सीडी लावणाऱ्या पुढच्या माणसाला नावं आपोआप दिसत. १९९८ मध्ये हा संग्रह एका कंपनीने विकत घेतला. मग वापराच्या अटी आल्या, परवाने आले, आणि फुकट भरलेल्या माहितीपाशी भरणाऱ्यांनाच अडवलं जाऊ लागलं. मला हा सरळ अन्याय वाटतो. त्यातूनच फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ हे खुले संग्रह उभे राहिले.

यावरचा उपाय खरं तर तयार होता. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला होता: प्रोग्रॅम वापरा, बदला, वाटा, पण बदललेला वाटलात तर पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. २००२ च्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्स या ना-नफा संस्थेने असेच परवाने लेख, छायाचित्रं, संगीत यांच्यासाठी आणले.

अशा परवान्याची ताकद विकिपीडियावर त्याआधीच दिसली होती. तिथे जाहिराती येतील, या शंकेने २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश आवृत्तीचे अनेक लेखक बाहेर पडले आणि सगळा मजकूर सोबत नेऊन त्यांनी वेगळा ज्ञानकोश सुरू केला. परवान्यामुळे त्यांना कोणी अडवू शकत नव्हतं. पुढल्याच वर्षी विकिपीडियासाठी ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झालं. 

संग्रहालयं आणि ग्रंथालयं या वाटेवर सावकाश आली. २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ३,००० जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली. लोकांनी जागा आणि माणसं ओळखली, चुका दाखवल्या, आणि पडताळणीनंतर त्या दुरुस्त्या ग्रंथालयाच्या सूचीत गेल्या. पण कोणती छायाचित्रं बाहेर ठेवायची, हे ग्रंथालयच ठरवत होतं. नागरी सहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्यात सल्ला विचारणं चौथ्या पायरीवर आहे आणि निर्णयात भागीदारी सहाव्या. बहुतेक सांस्कृतिक संस्था अजून या दोन पायऱ्यांच्या मध्येच आहेत.