सिन्नर परिसरातील गारगोटी-उत्खनन

नाशिकच्या आग्नेयेस सुमारे 30 किमी., पुणे रस्त्यावर वसलेल्या सिन्नरच्या तालुक्यात विहिरी खणताना आणि दगडखाणींत बेसाल्टच्या (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या) पोकळ्यांतून स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट व क्वॉर्ट्झ या खनिजांचे स्फटिक, म्हणजे बोलीत गारगोट्या, निघतात. याच तालुक्यातील महोदरी गावचे पिवळसर, गोळ्यांच्या आकाराचे फ्ल्युओराइट आणि नाशिकजवळच्या पांडवलेणी डोंगराच्या खाणीतील पॉवेलाइट ही खनिजे जगभरच्या संग्रहांत पोचले आहेत. दागिन्यात बसवण्याजोगा माल येथे क्वचितच निघतो. विक्री होते ती नमुन्यांची.

या खनिजांच्या वयाबद्दल एकमत नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो निवत असतानाच त्यातील वायू व गरम पाणी यांनी पोकळ्या भरल्या, असे एक मत आहे. मात्र दख्खनमधील काही अ‍ॅपोफिलाइटांची किरणोत्सारी कालमापनाने काढलेली वये लाव्हानंतर कोट्यवधी वर्षांनी येतात. त्यामुळे भेगांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने पोकळ्या टप्प्याटप्प्याने भरल्या, हे मत अधिक पटते. पोकळीतील थरही त्याकडेच बोट दाखवतात: भिंतीलगत मृद्‌खनिजे व कॅल्सेडोनी (अतिसूक्ष्म कणांचे क्वॉर्ट्झ), त्यावर झिओलाइटे (स्कोलेसाइट, स्टिल्बाइट यांसारखी, रचनेत पाणी धरणारी खनिजे) व कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) आणि बहुधा शेवटी अ‍ॅपोफिलाइट. प्रत्येक पोकळीत हा क्रम पूर्ण सापडत नाही.

पोकळ्या मुख्यतः लाव्हाथराच्या सच्छिद्र माथ्याजवळ असतात. पोकळी लागताच सुरुंग थांबवावा लागतो. हादऱ्याने स्कोलेसाइटच्या सुया मुळाशी तुटतात आणि अ‍ॅपोफिलाइट पाटनाच्या प्रतलावर, म्हणजे स्फटिक सहज दुभंगतो त्या पातळीवर, सपाट फुटतो. स्फटिकाला हात न लावता भोवतीचा दगड छिन्नी-हातोड्याने मोकळा करून तुकडा खडकासकट काढतात, मऊ कागदात गुंडाळतात आणि साध्या पाण्याने धुतात. कॅल्साइट घालवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणे ही नेहमीची घोडचूक: स्कोलेसाइट त्यात विरघळून लिबलिबीत होते, स्टिल्बाइटची चकाकी जाते. चुलीच्या धगीवर वाळवू नये. स्फटिकातले पाणी उडते. लॉमोंटाइट हे झिओलाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही भुसभुशीत होऊन झडते.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. व्यापारात मात्र चिठ्ठीवर सरसकट ‘नाशिक’ एवढेच लिहिलेले आढळते. गाव, खाण वा विहीर आणि खोली यांची नोंद नसेल, तर वयाच्या वादात त्या नमुन्याचा उपयोग फारसा होत नाही. विहिरीचे बांधकाम झाले की ती पोकळी पुन्हा तपासता येत नाही.