चादरीचा फलक आणि ‘विक्री वाढवण्यासाठी’ हे दोन शब्द

कारखानदारांनी चौकात लावलेला डिजिटल फलक जाहिरात कधी ठरतो आणि नुसतं गाऱ्हाणं कधी, हा वाद सोलापुरात वीजदर, विडी, चादर अशा कोणत्याही निमित्ताने निघतो. त्याची गाठ १९८४ च्या एका दुरुस्तीत आहे. त्याआधी चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा होता, पण तो रोग आणि औषधांपुरता. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा बड्या उद्योगांवर रोखलेला; गिऱ्हाइकाला मारलेली थाप त्यात बसत नव्हती.

१९८४ मध्ये त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आली. तिची व्याख्या ‘मालाची विक्री, वापर किंवा पुरवठा वाढवण्यासाठी’ या हेतूपासून सुरू होते. ग्राहकाचं नुकसान झालं हेही तेव्हा दाखवावं लागे. १९९१ मध्ये ती अट गेली. हेतूची अट मात्र १९८६ च्या ग्राहक कायद्यातून थेट २०१९ च्या कायद्यापर्यंत तशीच आली, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

समजा, यंत्रमागवाल्यांनी फलक लावला: ‘वीज सवलत काढली तर माग भंगारात जातील.’ आकडे फुगवलेले असले तरी हे सरकारला उद्देशून आहे, विकायचं काही नाही. आता दुसरा: ‘बाहेरच्या चादरीचा रंग पहिल्या धुण्यात जातो.’ हे खोटं असेल तर सरळ कायद्यात सापडतं, कारण दुसऱ्याच्या मालाची खोटी बदनामी हा अनुचित प्रथेचाच एक प्रकार आहे. तिसरा खरा अवघड: ‘सोलापुरीच घ्या, इथल्या कामगाराची चूल पेटती ठेवा.’ यात मालाच्या गुणाबद्दल अक्षर नाही, पण चादर खपवायचीच आहे. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं; त्यामुळे ‘सोलापुरी’ हा शब्द स्वतःच एक दावा होतो. त्या फलकाखाली पानिपतचा माल विकला, तर चुलीची आण घेऊन सुटका नाही.

विडीचंही तसंच. पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापावा, हा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला, तेव्हा कारखानदारांचा सूर होता तो विडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचा. तो दावा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. ‘विडी सिगारेटइतकी वाईट नाही’ असं कुणी छापलं, तर २००३ चा तंबाखू कायदाच आडवा येतो. बायकांच्या नावाने कोण बोलतंय, हे मात्र दोन्ही कायदे विचारत नाहीत. मला ही मोठी फट वाटते.

न्यायालयांनी मधल्या काळात दोन टोकं दाखवली. १९८९ च्या प्रकरणात एका बॅटरी कंपनीने जाहिरातीत परदेशी भागीदाराचं कंपनीनाव न देता त्याची बाजारातली नावं छापली होती. सामान्य गिऱ्हाईक त्याने फसत नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं. १९९५ मध्ये, दूरध्वनी सूचीच्या प्रकरणात, व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचं छत्र मिळालं, पण फसव्या जाहिरातीला नाही.

२०१९ च्या कायद्याने ‘जाहिराती’त आवाज, उजेड, धूर, वेष्टन, बिल, परिपत्रक असं सगळं घेतलं. ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ मात्र कुठल्यातरी उत्पादनाशी किंवा सेवेशी जोडलेली असावी लागते. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकतं. दंड पहिल्यांदा १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी छुप्या जाहिराती, म्हणजे जाहिरातीला बंदी असलेल्या मालाची दुसऱ्याच वस्तूच्या नावाआडून केलेली जाहिरात, बंद केल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांवर वेगळ्या सूचना आल्या. तिथेही तीच रेघ: कंपनीचं सर्वसाधारण ध्येयवाक्य एखाद्या उत्पादनाशी जोडलेलं नसेल तर त्यातून वगळलंय. म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याने फाटकावर ‘निसर्ग जपणं हेच आमचं ध्येय’ रंगवलं तर चालतं. टॉवेलच्या लेबलवर ‘निसर्गस्नेही रंग’ छापलं, की पुरावा दाखवावा लागतो.