बांधकाम यंत्रांतील गिअर ड्राइव्हची प्रतिबंधक देखभाल

पोकलेन, बॅकहो लोडर, डंपर, ट्रान्झिट मिक्सर, टॉवर क्रेन या यंत्रांत इंजिनाची किंवा मोटरची वेगवान पण कमी जोराची फिरकी दातेरी चाकांमधून संथ आणि प्रचंड जोराची केली जाते. हे काम करणारी बंदिस्त जुळणी म्हणजे गिअर ड्राइव्ह. ती बिघडण्याआधीच तिचे तेल, ग्रीस, सील, बोल्ट आणि दाते वेळच्या वेळी तपासणे, बदलणे आणि त्याची नोंद ठेवणे याला प्रतिबंधक देखभाल म्हणतात. उत्पादकांची वेळापत्रके प्रामुख्याने तास-मीटरवर (यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवर) बांधलेली असतात. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, जिथे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी, दमट हवा असते, तिथे मात्र नुसत्या तासांवर विसंबलेली देखभाल हमखास कमी पडते.

यंत्रे चालतात तो परिसर : १९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून नवी मुंबईत माती हलवण्याचे काम खऱ्या अर्थाने कधी थांबलेच नाही. खाडीकाठच्या दलदलीत भराव पडले, पारसिकच्या डोंगररांगेलगत दगडखाणी चालल्या, उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळासाठी जमीन तयार झाली (उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५). ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेने टॉवर क्रेन उभ्या असतात. या कामांतली पुष्कळशी यंत्रे भाड्याची, तासावर चालणारी. यंत्र थांबले की भाडे थांबते, म्हणून देखभालीला वेळ मिळतो तो दोन कामांच्या मधल्या फटीत, किंवा मशीन बंद पडल्यावर. दुसऱ्या प्रकाराला देखभाल म्हणण्यात अर्थ नाही.

रचना : साधारण वीस टनी पोकलेनमध्ये मुख्य तीन गिअरपेट्या असतात : चेन (यंत्र ज्यावर चालते तो पोलादी पट्टा) फिरवणाऱ्या दोन फायनल ड्राइव्ह आणि वरचा भाग फिरवणारी एक स्विंगची. फायनल ड्राइव्हमध्ये मधला सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि बाहेरचा रिंग गिअर अशा एकापाठोपाठ एक जोडलेल्या संचांतून हायड्रॉलिक मोटरच्या फेऱ्या सुमारे पन्नास पटींनी कमी होऊन स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापर्यंत, पोहोचतात. एवढा भार पेलणारे तेल जेमतेम काही लिटर असते. बॅकहो लोडरमध्ये डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जुळणी) आणि चाकाच्या हबमधले गिअर असतात, तर ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रमला शंभराहून अधिक पटींनी वेग कमी करणारी स्वतंत्र पेटी असते. या गिअरचे दाते सहसा कार्बन मुरवून कडक केलेले असतात. पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल सी (कठीणपणाचे माप) इतका कठीण, पण हा थर मिलिमीटरच्या आसपासच. खाली तुलनेने मऊ, चिवट पोलाद. वरचा थर गेला की पुढची झीज भराभर होते.

पाणी आणि धूळ : दोन दात्यांच्या मध्ये तेलाचा जो पडदा तयार होतो त्याची जाडी बहुधा मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी असते. इथल्या बेसाल्टची धूळ त्यापेक्षा कितीतरी जाड आणि कठीण. ती आत गेली की दाते आणि बेअरिंग दोन्ही घासले जातात. पाण्याचा घाव याहून मुरलेला असतो. तेलात हजार भागांत एक भाग पाणी असले तरी बेअरिंगचे आयुष्य लक्षणीय घटते, आणि खाडीचे पाणी असेल तर गंजाचे खड्डे पडून पुढे त्याच जागी पृष्ठभागाचे पोपडे सुटतात.

पाणी शिरते कुठून? अॅक्सल आणि क्रेनच्या गिअरपेट्यांना ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारे छोटे तोंड, असतो. दिवसभराच्या कामाने पेटी तापते, संध्याकाळी सर येते, पेटी झपाट्याने थंड होते आणि आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर दमट हवा आत येते. चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि सीलच्या कडेवरचे पाणी आत खेचले जाते. ब्रीदर ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत दुर्लक्षित. पोकलेनच्या फायनल ड्राइव्हचा भरवसा घासून गुळगुळीत केलेल्या दोन धातूच्या कड्यांच्या फ्लोटिंग सीलवर असतो. भरावाच्या कामात चिखल या सीलभोवती भरतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. म्हणून शिफ्ट संपल्यावर चेन उचलून, फिरवून चिखल काढणे हे धुण्यापुसण्याचे काम नाही, गिअर ड्राइव्हच्या देखभालीचाच भाग आहे. प्रेशर पंपाने धुताना फवारा थेट सीलवर किंवा ब्रीदरवर मारू नये.

ड्रेन प्लग : फायनल ड्राइव्हचे तेल तपासण्याआधी यंत्र सपाटीवर घेऊन चेन हळूहळू पुढे घेतात, म्हणजे ड्रेन प्लग बरोबर खाली येतो आणि लेव्हल प्लग मधल्या उंचीला. नुकत्या थांबलेल्या यंत्राच्या पेटीत दाब असतो, तेल चटका देणारे असते; म्हणून थोडे थांबून, बाजूला उभे राहून प्लग आधी नुसता सैल करतात. लेव्हलच्या भोकातून तेल काठोकाठ दिसले पाहिजे. कमी असेल तर गळती शोधायची. पातळी वाढलेली असेल तर प्रकरण जास्त गंभीर : ट्रॅव्हल मोटरचे (चेन चालवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरचे) सील गेल्याने हायड्रॉलिक तेल पेटीत उतरत असते, किंवा पाणी शिरलेले असते. ‘तेल भरपूर आहे’ म्हणून समाधानाने प्लग परत बसवणारा हेल्पर दर दुसऱ्या यार्डात भेटतो. जास्त तेल घुसळले जाऊन तापते, फेसाळते आणि सीलमधून बाहेर येते.

तेल काढल्यावर पुष्कळशा पेट्यांच्या चुंबकी प्लगवर राखाडी लगदा दिसतो. बोटात चोळला असता तो लोण्यासारखा लागला तर नेहमीची झीज. टोचणारे कण, चपट्या पापुद्र्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर पेटी उघडावीच लागते. पितळी-तांबूस चमक चुंबकाला चिकटत नाही, ती काढलेल्या तेलात उन्हात बघावी लागते. थ्रस्ट वॉशर (गिअरच्या बाजूला बसणारी चकती) किंवा बेअरिंगचा पिंजरा झिजल्याची ती खूण. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. पण तेल दुधाळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून मोठे कंत्राटदार तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. नमुना काम थांबल्यावर थोड्याच वेळात, तेल कोमट असताना आणि दर वेळी एकाच जागेवरून घ्यायचा. अहवालात लोह झिजेचे, सिलिकॉन धुळीचे आणि सोडियम अनेकदा खाऱ्या पाण्याचे सूचक असते. (पेटी नुकतीच सिलिकॉन सीलंट लावून बंद केली असेल तर सिलिकॉन उगाच वाढलेले दिसते, हे न कळवल्यामुळे चांगल्या पेट्या उघडल्या जातात.) एका अहवालावरून निर्णय करू नये, ओळीने तीन-चार अहवालांचा कल पाहावा.

तेलाची निवड : गॅरेजमध्ये सगळ्या प्रश्नांना ‘नव्वद नंबर’ (तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) हे एकच उत्तर मिळते. ते पुरेसे नाही. काही फायनल ड्राइव्हना टीओ-४ दर्जाचे तेल लागते, काहींना जीएल-५; हे तेलाचे वेगवेगळे दर्जे आहेत. बॅकहो लोडरच्या ज्या अॅक्सलमध्ये ब्रेकच्या तबकड्या तेलात बुडालेल्या असतात त्यात घर्षण नियंत्रित करणारे खास अॅडिटिव्ह लागते. साधे तेल भरले की ब्रेक दाबताना ते किंचाळतात. जड भारासाठी गंधक-फॉस्फरस मिसळलेले तेल वर्म गिअरच्या (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या गिअरच्या) ब्राँझ चाकाला खाऊ शकते. नव्या पेटीचे तेल पहिल्यांदा लवकर, बहुधा २५० ते ५०० तासांत बदलतात, कारण सुरुवातीच्या घासणीची भुकटी त्यात उतरते. नंतर १,००० ते २,००० तासांनी. खाडीलगतच्या चिखलात चालणाऱ्या यंत्रासाठी हा अवधी निम्मा धरणे शहाणपणाचे.

स्विंग सर्कल : वरचा भाग ज्या मोठ्या दातेरी कड्यावर फिरतो त्याचे बेअरिंग आणि दाते यांची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. बेअरिंगला निपलमधून ग्रीस द्यायचे, वरचा भाग थोडा फिरवायचा, पुन्हा द्यायचे, सीलच्या कडेने नवे ग्रीस दिसेपर्यंत. दाते मात्र पिनियनसह (त्यांत अडकून फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकासह) ग्रीसच्या कुंडात चालतात. पावसाळ्यात या कुंडात पाणी साचते आणि ग्रीस पांढुरके, ताकासारखे पातळ होते. तपासणीचे झाकण काढून बोटभर ग्रीस बघायला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी ते क्वचितच उघडले जाते. बोल्टवर रंगाची तिरकी रेघ मारून ठेवली की सैल झालेला बोल्ट नजरेने कळतो. एक बोल्ट तुटला असेल तर शेजारचेही बदलावेत. त्यांनी त्याचा भार उचललेला असतो.

उभे यंत्र : पावसाळ्यात मातीकाम मंदावते, यंत्रे यार्डात उभी राहतात आणि तास-मीटर जागचा हलत नाही. वेळापत्रकानुसार काहीच करायचे नसते. पण तेलाच्या पातळीच्या वर राहिलेले दाते कोरडे पडतात, रोज रात्री आतल्या भिंतींवर दव धरते आणि गंज सुरू होतो. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा यंत्र चालू करून चेन आणि स्विंग दोन्ही फिरवणे, म्हणजे तेल सगळीकडे उडते. टॉवर क्रेनची गोष्ट आणखी वेगळी. काम बंद असताना तिचा स्लूइंग ब्रेक (वरचा भाग फिरण्यापासून अडवणारा) मोकळा ठेवतात, म्हणजे जिब (आडवी भुजा) वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळते आणि क्रेनवर आडवा दाब कमी येतो. त्यामुळे जुलैच्या वाऱ्यात ‘बंद’ क्रेनचे पिनियन आणि रिंग गिअर रात्रंदिवस पुढेमागे होत असतात. मीटरवर शून्य तास, पण उघड्या दात्यांवरचे ग्रीस पावसाने धुऊन गेलेले. म्हणून इथे तेल-ग्रीसचे काम ‘इतके तास किंवा इतके महिने, जे आधी येईल ते’ असेच लिहून ठेवावे आणि एक फेरी मेअखेरीस, दुसरी ऑक्टोबरमध्ये, तासांकडे न पाहता करावी.

पेटी केव्हा उघडू नये : तेल, आवाज आणि तापमान ठीक असताना ‘बघू तरी’ म्हणून पेटी उघडणे हे उत्साही मिस्त्रीचे आवडते काम. त्यात धूळ आत जाते, बेअरिंगची जुळणी बदलते, दात्यांमधला प्ले (मोकळी जागा) बिघडतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने रोज एकाच ठिकाणचे तापमान नोंदवणे, डाव्या-उजव्या फायनल ड्राइव्हची तुलना करणे हे त्यापेक्षा कितीतरी उपयोगी. एक बाजू नेहमीपेक्षा जास्त गरम लागली, तर मगच पाने काढावेत.

बोगद्यातील यंत्रे : मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या सुमारे २१ किमी बोगद्यापैकी सुमारे ७ किमी भाग ठाणे खाडीखालून जातो. बोगदा खोदणाऱ्या टीबीएम यंत्राचे मुख्य गिअर आणि बेअरिंग एकदा यंत्र आत गेले की सहजासहजी बाहेर काढता येत नाहीत, म्हणून तिथे तेलाचा प्रवाह, तापमान आणि स्वच्छता यांवर सतत लक्ष ठेवतात आणि सीलमध्ये दाबाने ग्रीस भरत राहतात.

वापरलेले तेल : काढलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. प्रत्यक्षात ‘काळे तेल’ साइटवर शटरिंगच्या प्लेटांना फासले जाते. त्याने काँक्रीटवर डाग पडतात, प्लास्टर नीट धरत नाही, आणि पावसात ते वाहून जवळच्या नाल्यात, तिथून खाडीत जाते.