ब्युटी पार्लरमधील वीज व विद्युत सुरक्षितता (खानदेश)

ब्युटी पार्लर व सलूनमधील विजेची साधने, त्यांची वायरिंग व अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी) आणि शॉक, आग व भाजणे यांपासूनचा बचाव हे या नोंदीचे विषय आहेत. जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग) या जिल्ह्यांत पार्लर बहुधा बाजारातल्या गाळ्यात किंवा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चालते. घरातल्या पार्लरची वायरिंग पंखा, ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या हिशेबाने झालेली असते आणि निम्म्या अडचणींचे मूळ तिथेच असते.

इतिहास : केशप्रसाधनात वीज केव्हा आली याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. केस वाळवण्याच्या यंत्राचे श्रेय सामान्यतः फ्रेंच केशरचनाकार अलेक्सांद्र गोदफ्रुआ यांना देतात. त्याचे साल कुठे १८८८, तर कुठे १८९० असे मिळते. मात्र त्यांचे टोपीवजा यंत्र शेगडीच्या गरम हवेवर चालत असे, त्यामुळे त्याला विजेच्या साधनांचा आरंभ म्हणणे फारसे पटत नाही. त्यापेक्षा कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने लंडनमध्ये दाखवलेली केस कायमचे कुरळे करण्याची पद्धत (१९०५ किंवा १९०६, पेटंट १९०९) अधिक जवळची वाटते. पितळी रुळांवर गुंडाळलेले केस तापवले जात आणि जड रूळ टाळूला टेकू नयेत म्हणून वरून टांगून ठेवले जात. सुरुवातीच्या प्रयोगांत नेसलर यांच्या पत्नीचे केस जळाले व टाळूही भाजली, असे सांगतात.

त्वचेवरील उपचारांचा धागा त्याहून जुना आहे. बेडकाच्या पायांवरील प्रयोगांचे इटालियन वैद्य लुइजी गॅल्व्हानी यांचे विवेचन १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी त्यांचे ‘प्राणिज विजे’चे (प्राण्याच्या शरीरातच वीज असते, हे) मत खोडून काढले, तरी पार्लरमधील एकदिश प्रवाहाच्या यंत्राला नाव राहिले ते गॅल्व्हानींचेच. विजेच्या सुईने केस काढण्याची पद्धत अमेरिकी नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये मांडली. तिचा मूळ उपयोग पापणीच्या आत वळणारे केस काढण्यासाठी होता.

भार व वायरिंग : घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २,००० वॅटचा हेअर ड्रायर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला तो झेपत नाही, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. स्ट्रेटनर व वॅक्स हीटर त्यामानाने किरकोळ भार घेतात, पण तेही ड्रायर आणि स्टीमरसोबत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले की बोर्ड तापतो आणि प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. तीन पिनांच्या प्लगमधील जाड, लांब पिन अर्थची. ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. दुहेरी इन्सुलेशनच्या (वीजरोधक आवरणाच्या) साधनांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दोन पिना पुरतात.

शॉक व अर्थिंग : कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, ओल्या व घामट त्वचेचा हजाराच्या आसपास उतरतो, म्हणजे अंगातून तितका जास्त प्रवाह वाहतो. साधारण १० मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकड सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते.

खानदेशात हे गणित एप्रिल–मेमध्ये बिघडते. जळगाव–भुसावळ भागात पारा ४५ अंशांवर जातो आणि ऐन तेव्हाच लग्नसराई असते. पार्लरमध्ये गर्दी, घाम, डोके धुण्याचे पाणी आणि कोपऱ्यात पत्र्याचा कूलर. काळी जमीन ओली असेपर्यंत अर्थिंगला उत्तम असते. सुकली की ती आकसून भेगाळते आणि अर्थिंगच्या पुरलेल्या पाइपभोवती पोकळी सुटते. जुने वायरमन खड्ड्यात मीठ–कोळसा भरतात, अलीकडे बेंटोनाइटचे (ओल धरणाऱ्या मातीचे) मिश्रण वापरतात. मिठाने लोखंडी पाइप गंजतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि भरण कोणते यापेक्षा पाइप किती खोल गेला आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी पडते का, याला अधिक वजन द्यावे लागेल.

अर्थिंग असले म्हणजे काम झाले, असेही नाही. अर्थचा रोध २० ओहम असेल आणि फेज (वीज आणणारी तार) कूलरच्या पत्र्याला चिकटली, तर फार तर ११.५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्याने पडत नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहते. एमसीबी वायर वाचवते. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. गेलेला व परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ती पुरवठा तोडते. मात्र अर्थशी संबंध न येता एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला (परतीच्या तारेला) लागला, तर तिला फरक दिसत नाही. तिच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते.

भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र असूनही भारनियमन या भागाला नवे नाही, म्हणून इन्व्हर्टर सर्रास दिसतो. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे बोर्ड चालू राहतात, ही गोष्ट दुरुस्तीच्या वेळी विसरली जाते.

उपचारयंत्रे : गॅल्व्हानिक यंत्राचा प्रवाह काही मिलिअँपिअरचाच असतो. तरी पेसमेकर, गर्भारपण, अपस्मार किंवा उपचाराच्या जागी धातूचे रोपण असल्यास ते वर्ज्य मानतात. हाय फ्रीक्वेन्सी यंत्राच्या, त्वचेवर फिरवायच्या काचनळीत आरगॉन असल्यास जांभळा, निऑन असल्यास नारिंगी प्रकाश दिसतो. तिच्या ठिणगीने स्पिरिटयुक्त लोशन पेटू शकते. हेअर स्प्रे व नेलपॉलिश रिमूव्हरही जवळ नसावेत.

अपघात झाल्यास : आधी पुरवठा तोडतात, माणसाला हात नंतर लावतात. स्विच हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलतात. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू ठेवून १०८ ला फोन करतात. किरकोळ वाटलेल्या शॉकनंतरही छातीत धडधड किंवा चक्कर राहिली, तर ईसीजी काढून घेतात.