दुर्बीण घेताय? पटीचा आकडा विसरा, व्यास बघा

वांगणीला आकाशदर्शनाची रात्र असली की टेलिस्कोप नीट लागायच्या आधीच कोणीतरी विचारतंच, "किती पट मोठं दिसतं हो यातून?" लोकांचा दोष नाही, ऑनलाइन विकणारे ६० मिमी व्यासाचं भिंग असलेल्या दुर्बिणीवर बिनधास्त ६०० पट छापतात.

पट काढणं एकदम सोपं, मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ७०० मिमी भागिले १० मिमी म्हणजे ७० पट. कमी नाभीय अंतराचा आयपीस लावत गेलं की आकडा वाढवाल तेवढा वाढतो. पण भिंगातून येताना प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो थोडा पसरतो, त्यामुळे ताऱ्याचा बिंदू न बनता बारीकशी चकती बनते, आणि ती केवढी बनणार हे भिंगाच्या व्यासावर ठरतं, व्यास जास्त तेवढी चकती लहान. ६० मिमीला ती मर्यादा साधारण २ आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाच्या ३६०० भागांतले दोन. त्याहून जवळचे तपशील भिंगातच एकमेकांत मिसळून गेलेले असतात, मग पुढे ६०० पट करणं म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो दोन बोटांनी ताणणं, शिवाय तोच प्रकाश पसरून चित्र अंधुक होतं ते वेगळंच. म्हणून मिमीतल्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, त्यापुढे काही हाती लागत नाही.

व्यासाचं महत्त्व कावसजी दादाभाई नायगमवालांना पक्कं माहीत होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा हा माणूस, त्याला भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सात, म्हणजे आताच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीने बनवलेली २० इंची परावर्तक (भिंगाऐवजी आरसा असलेली) दुर्बीण त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. २० इंच म्हणजे ५०८ मिमी, अंधारात आपली बाहुली उघडून उघडून ७ मिमी, दोन्हींचे वर्ग करून भागा, डोळ्याच्या ५,००० पटींहून जास्त प्रकाश! १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडईकनालला गेली. फार हळहळ वाटते.

शनीची कडी बघायला मात्र ५० पट पुरतात. साडेसाती लागलीय म्हणून दर शनिवारी तेल वाहणाऱ्यांनी तर जरूर बघावीत, बर्फाच्या तुकड्यांची कडी असलेला तो ग्रह १०० कोटी किमीच्याही पलीकडे आहे, आपल्या नोकरी-लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही. २०२५ मध्ये ही कडी आपल्याला काठावरून दिसली म्हणून जवळपास गायबच झाली होती, आता हळूहळू उघडतायत आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात जास्त कललेली दिसतील.