जर्मॅनिक भाषांतील विशेषणसाधक प्रत्यय

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश इ. भाषांत मुख्यतः नामापासून, काही वेळा धातूपासून, विशेषण घडवणारे प्रत्यय. उगमाच्या दृष्टीने त्यांचे दोन थर दिसतात.

जुना थर मूळ इंडो-युरोपीय भाषेतून (संस्कृत, लॅटिन, जर्मॅनिक इ. भाषांच्या समान पूर्वजातून) आलेला आहे. गॉथिक (आता लोप पावलेली एक जर्मॅनिक भाषा) ‘माख्तीग्स’, जर्मन ‘मेख्टिग’ आणि इंग्रजी ‘माइटी’ (बलवान) यांतला प्रत्यय लॅटिन ‘-इकुस’ आणि आपल्या ‘धार्मिक’मधल्या ‘-इक’चा दूरचा भाऊबंद होय. ‘-इस्क’ (इंग्रजीतला ‘-इश’) याच थरातला. त्यातल्या इकाराने आधीचा स्वरही पालटला. म्हणून नाम ‘फ्रँक’, पण विशेषण ‘फ्रेंच’. द्रव्यवाचक (‘अमुक पदार्थाचे बनलेले’ असे सांगणारा) ‘-ईन’ इंग्रजीत ‘गोल्डन’, ‘वुडन’ अशा मोजक्या शब्दांत तगून आहे.

दुसरा थर अधिक रंजक. हे प्रत्यय एके काळी स्वतंत्र शब्द होते. समासाचे उत्तरपद होता होता ते झिजले. ‘-सम’ (जर्मन ‘लांगझाम’, सावकाश) म्हणजे संस्कृत ‘सम’चाच सगोत्र. ‘-लेस’ आणि जर्मन ‘-लोस’ यांचा मूळ अर्थ ‘सुटा, मोकळा’. जर्मन ‘-बार’ हा ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणजे संस्कृत ‘भृ’च्या कुळातला. ‘फ्रुख्टबार’ म्हणजे अक्षरशः फळ धारण करणारे, सुपीक. पुढे तो धातूंना लागून ‘शक्य, योग्य’ असा अर्थ देऊ लागला: ‘ट्रिंकबार’, पिण्याजोगे. इंग्रजीत ही जागा फ्रेंचमधून आलेल्या ‘-एबल’ने घेतली आणि तो ‘ड्रिंक’सारख्या अस्सल देशी धातूंनाही बिनदिक्कत जोडला जातो. मराठीतही फारसी ‘-दार’ (धारण करणारा) ‘चव’ला लागून ‘चवदार’ झालेच.

सर्वांत लांबचा प्रवास ‘लीक’ या शब्दाचा. इ. स. ४थ्या शतकात वुल्फिला या बिशपने केलेल्या गॉथिक बायबलात ‘लीक’ म्हणजे शरीर. जर्मन ‘लाइशे’चा अर्थ आज प्रेत. ‘मित्राचे शरीर, म्हणजेच रूप असलेला’ अशा समासातून जर्मन ‘फ्रॉइंटलिश’ आणि इंग्रजी ‘फ्रेंडली’ आले. इंग्रजीतल्या ‘सच’ आणि ‘विच’ यांतही हेच शरीर दडले आहे, पण ओळखू येणार नाही इतके आक्रसलेले. इंग्रजीत विशेषणाचा ‘-लीक’ आणि क्रियाविशेषणाचा ‘-लीके’ दोन्ही झिजून ‘-ली’ झाले, त्यामुळे ‘फ्रेंडली’पासून क्रियाविशेषण करताना (‘-ली’वर पुन्हा ‘-ली’ येत असल्याने) आजही पंचाईत होते. गंमत अशी की, ‘-ली’ झिजून गेल्यावर इंग्रजीने त्याच कुळातला ‘लाइक’ पुन्हा नव्याने शब्दांमागे जोडायला घेतला: ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, तर ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ.