वाळूत वाचलेली वेल: कोलारेशच्या रेड वाइनची पार्श्वभूमी

लिस्बनच्या पश्चिमेला सिंत्राचे डोंगर उतरलं की अटलांटिकच्या काठावर कोलारेश लागतं. युरोपच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेचं टोक, काबो दा रोका, इथून जवळच आहे. भर उन्हाळ्यातही समुद्रावरून धुकं आणि खारा, गार वारा येतो. अशा हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, साखर बेताची भरते आणि आंबटपणा टिकतो. रामिश्कू नावाच्या इथल्या काळ्या द्राक्षाची वाइन म्हणूनच अल्कोहोलला हलकी असते, पण नवी असताना तिच्या तुरटपणाने जीभ आखडते. ती काही वर्षं ठेवूनच प्यायची.

वेली इथे फार जुन्या. १२५५ साली राजा अफोंसो तिसरा याने इथली जमीन देताना वेली लावण्याची अट घातली होती. पण कोलारेशचं नाव खरं गाजलं ते एका किडीमुळे.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा युरोपभर पसरली. ही मुळांतला रस शोषणारी सूक्ष्म कीड. तिने फ्रान्सपासून पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यापर्यंत मळेच्या मळे वाळवले. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळांवर, युरोपीय वाण कलम करण्याचा. नाशिक-सांगलीचे बागायतदारही डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात. त्यांचं कारण वेगळं, पाण्याची ओढ आणि क्षारयुक्त जमीन, पण तो खुंटही अमेरिकन रानवेलीचाच. कोलारेशला मात्र खुंटाची गरजच पडली नाही. सुट्या वाळूत या किडीला हिंडता येत नाही, त्यामुळे रामिश्कू आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे.

वाळूचं हे संरक्षण फुकटचं नव्हतं. वेलीचं मूळ वाळूखालच्या चिकणमातीत रुजावं लागतं, आणि ती माती कधी कधी कित्येक मीटर खोल असते. माणसं खोल चर खणून तळाशी काडी लावत. चराची भिंत ढासळून गाडलं जाण्याची भीती असल्याने खणणारे डोक्यावर टोपली घेत, म्हणजे वाळू कोसळली तरी श्वासापुरती पोकळी राहील. एका वेलीसाठी माणूस एवढा जीव धोक्यात घालत होता, हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

इथे आपल्यासारखा मांडव नाही. वारा इतका की वेल जमिनीलगतच पसरू देतात, बोरूच्या कुडाने आडोसा करतात, आणि घड तापलेल्या वाळूला टेकून भाजू नयेत म्हणून फांद्यांखाली काठीचे टेकू देतात.

बाकीचे मळे उजाड असताना या वाइनला मागणी वाढली, आणि तिच्या नावावर भलतीच वाइन खपू नये म्हणून १९०८ मध्ये या प्रदेशाची सीमा कायद्याने आखली गेली. १९३१ मध्ये उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. पोर्तुगालमधली ती या प्रकारची सर्वांत जुनी संस्था. त्या काळात लागवड हजार हेक्टरांच्या वर होती.

पुढचा घाव जमिनीच्या भावाने घातला. लिस्बनकरांना समुद्राकाठी बंगले हवे होते, आणि वाळूतल्या मळ्यांच्या जागा नेमक्या तिथेच होत्या. एवढ्या कष्टाचं पीक कमी उताऱ्यात पोसण्यापेक्षा जमीन विकणं परवडू लागलं. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. लागवड आक्रसत अवघ्या काही दहा हेक्टरांवर आली.

तरी सहकारी संस्था चालू आहे. पणजीतही शाखा असलेल्या फुंदासाँव ओरिएंते या संस्थेने इथे मळा राखला आहे, आणि नव्या दमाचे थोडे उत्पादकही आले आहेत. वाइन इतकी थोडी निघते की बहुतेक वेळा ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरतात. आणि मळ्यात एखादी वेल मेली, तर शेजारच्या वेलीची फांदी वाकवून वाळूत पुरतात. दाब कलमाची हीच जुनी रीत तिथे अजून चालते.